इंचकर आणि त्यांचे ड्रायव्हर

बॅटरीवर चालणारी नवी चाकांची खुर्ची टॅक्सीतून उतरवून आम्ही इंचकरांच्या आवारात नेली, तेव्हा त्यांनी माझ्या मुलीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ती आपल्या जुन्या, ढकलायच्या खुर्चीत बसून होती आणि तीन दिवसांपासून याच घटकेची वाट बघत होती. इंचकरांनी नव्या खुर्चीची घडी उघडली, बॅटरी खटकन जागेवर बसवली आणि मला म्हणाले, "ताई, बसा."

मला वाटलं, पाहुणचार चाललाय. मी शेजारच्या स्टुलावर टेकले.

"तिथं नाही. खुर्चीत."

खुर्ची मुलीची आहे, माझे दोन्ही पाय धड आहेत, असं मी सांगायला गेले. ते म्हणाले, म्हणूनच बसा. मग मी बसले, कमरेचा पट्टा लावला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताजवळची दांडी एवढीशी पुढे केली. त्या एवढ्याशाने मी समोरच्या रिकाम्या खोक्यांच्या थप्पीत घुसले. सगळ्यात वरचं खोकं माझ्या मांडीवर येऊन पडलं. घाबरून मी दांडी आणखी घट्ट धरली, तर खुर्ची आणखी पुढे. माझी लेक इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि इंचकरांची बायको तिच्यासाठी पाणी घेऊन धावली.

"घाबरलं की माणूस मूठ आवळतो," इंचकर शांतपणे म्हणाले, "आणि मूठ आवळली की ही पळते. हात सोडायचा. सोडला की ही आपली आपण थांबते. उद्यापासून मागून 'हळू, हळू' ओरडाल तेव्हा हे आठवा."

मी तोवर एकदाही 'हळू' म्हटलेलं नव्हतं. पण म्हणणार होते, हे त्यांनी ओळखलं होतं.

इंचकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. सव्वीस वर्षं ते एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होते. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दातांवर माल उचलून नेणारी ती पिवळी गाडी. दोन थप्प्यांच्या मध्ये एका इंचाची फट असली तरी हा माणूस तिसरी थप्पी तिथे नेऊन ठेवी आणि कशालाही खरचटू देत नसे. तिथल्या हमालांनी हे नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की घरी येणारी पत्रंही त्याच नावाने येऊ लागली. मग एक दिवस गाडी उलटली आणि कमरेखालचं शरीर गेलं. अपघाताबद्दल ते एवढंच सांगत: "गाडी उलटली." का उलटली असं कोणी विचारलं, की ते बॅटरीला पाणी कधी घालायचं याबद्दल बोलायला लागत.

आता ते खुर्च्या दुरुस्त करण्याच्या एका दुकानात काम करतात. सुटीच्या दिवशी आणि रोज संध्याकाळी तासभर दुकानामागच्या, त्यांच्या घराला लागून असलेल्या फरशीच्या आवारात लोकांना खुर्ची चालवायला शिकवतात. जमिनीवर खडूच्या रेघा, खोक्यांच्या भिंती, फळ्या टाकून केलेला एक उतार, आणि जुन्या लिफ्टचा नुसता सांगाडा. दार उघडं ठेवलेला तो पिंजरा त्यांनी कुठून पैदा केला हे त्यांनाच माहीत. लिफ्टमध्ये सरळ शिरायचं, आणि वळायला जागा नसेल तर पाठीमागे बघत तसंच मागे यायचं, हे लोक त्या पिंजऱ्यात शिकतात. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते 'ड्रायव्हर' म्हणतात. सात वर्षांचा मुलगा असो की ऐंशी वर्षांची आजी.

स्वतःची फजिती ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगतात. सव्वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला खुर्ची काय शिकायची, या तोऱ्यात ते पहिल्या आठवड्यात घरभर फिरले. एकदा जेवायला बसताना खुर्ची बंद केली नाही. मीठ घ्यायला वाकले, कोपर दांडीला लागलं, आणि खुर्ची बायकोच्या पायावरून गेली. दोन बोटं मोडली.

"तीन," काकू आतून म्हणाल्या. त्यांना आम्ही सगळे काकूच म्हणतो.

"तिसऱ्याला नुसती चीर होती."

"चीर तुमच्या बोटाला असती म्हणजे कळलं असतं."

मग ते ड्रायव्हरकडे वळून सांगतात: थांबलात की बंद. जेवायला, बोलायला, पलंगावर सरकायला, फोन उचलायला. थांबलात की बंद. बरीच वर्षं त्यांच्या घरात हे भांडण याच शब्दांत होत असणार, कारण दोघंही अजिबात न अडखळता बोलतात.

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिच्या स्नायूंचा आजार तिच्या लहानपणापासूनचा. पाय कधीच गेले, हात बोटांपासून कोपरापर्यंतच चालतात, डोकं मात्र आम्हा दोघींचं मिळून तिच्या एकटीकडे आहे. शाळा, कॉलेज सगळीकडे मीच तिला ढकलत नेलं. आता घरापासून सव्वा किलोमीटरवर असलेल्या छापखान्यात तिला मुद्रितं तपासायचं काम मिळालं होतं. पहिल्या तारखेपासून जायचं होतं. माझी स्वतःची नोकरी त्याच वेळेची, उलट्या दिशेला. म्हणजे तिला एकटीनेच जायला हवं. छापखान्याचे मालक भले गृहस्थ, पण रस्त्यात काही झालं तर तो घोर आपल्या डोक्याला नको असं त्यांना वाटत होतं. त्यांनी एकच गोष्ट मागितली: इंचकरांचं पत्र.

या भागात त्या पत्राला मान आहे. कुठल्याही कार्यालयाचा शिक्का त्यावर नसतो. एका रेघांच्या कागदावर इंचकर लिहून देतात की हा माणूस एकटा खुर्ची चालवू शकतो, आणि शाळा, दुकानं, कारखाने ते मानतात, कारण ते सगळ्यांना देत नाहीत. आजवर नऊ जणांना त्यांनी नाही म्हटलंय. त्यातला एक त्यांचा सख्खा मेहुणा. चालवताना सारखा फोनवर बोलायचा. काकूंनी मला ते डोळे मोठे करून सांगितलं. वर्षभर भावाने घरात पाऊल टाकलं नाही म्हणे.

"पाऊल टाकता येत असतं तर खुर्ची कशाला घेतली असती त्याने?" इंचकर म्हणाले, आणि माझी मुलगी परत ठसका लागेपर्यंत हसली. तेव्हाच मला कळलं की या दोघांचं जमणार. आमच्याकडे तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवसापासून ते तिला शिकवू लागले आणि तिच्यापेक्षा जास्त मला. ती खडूच्या रेघेवरून चालली की माझे हात आपोआप तिच्या पाठीमागच्या मुठींकडे जात. इंचकरांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी काकूंना दोन मोठे कप काठोकाठ पाणी भरून आणायला लावले, एक माझ्या उजव्या हातात दिला, एक डाव्या, आणि म्हणाले, आता चला तिच्या मागे. थेंब सांडला तर फरशी तुम्ही पुसायची. पहिल्या दिवशी मी अख्खं आवार पुसलं. नंतर मला कळलं की काकूंकडे यासाठी खास दोन कप आहेत, आणि त्यातल्या एकाचा कान एका बापाने मूठ आवळून मोडलाय.

मुलीची तऱ्हा वेगळी. तिला भीती नावाची गोष्ट माहीतच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याच्या चालीने फिरलेली पोर, हातात दांडी आल्याबरोबर वेगाची शौकीन निघाली. वळणावर खुर्ची अशी फिरवायची की माझ्या कपातलं पाणी आपोआप हलायचं. इंचकर ओरडले नाहीत. त्यांनी वळणाच्या पुढे, तिला दिसणार नाही असं, एक कच्चं अंडं ठेवलं. फुटलं. दुसऱ्या दिवशी परत ठेवलं. तेही फुटलं. तिसऱ्या दिवशी ती वळणाआधी थांबली, मान काढून कोपऱ्यापलीकडे बघितलं, आणि अंड्याला वळसा घालून गेली. इंचकर म्हणाले, "बरं झालं, तुझी काकू घरातली अंडी मोजायला लागली होती."

त्यांच्याकडे शिकवण्यासारखं इतकं होतं की मी वही केली. उताराला नेहमी सरळ सामोरं जायचं, तिरकं नाही. चढताना अंग पुढे, उतरताना मागे आणि वेग सगळ्यात कमी. चढावर अडकलात तर मागे घेऊन अचानक थांबायचं नाही, खुर्ची उलटते. हात सोडायचा, बंद करायची, हाक मारायची. शाल, पट्टे, पदर, काहीही चाकाजवळ लोंबता कामा नये. खुर्चीच्या मागे खाली एक खिटी असते, ती फिरवली की खुर्ची हाताने ढकलता येते, पण मग ब्रेक उरत नाही. घरात फरशी पुसताना कोणी ती फिरवली आणि सांगायला विसरलं, तर पुढच्या उतारावर देवच आहे. आणि रोज निघण्याआधी ड्रायव्हरने स्वतः सगळी खुर्ची बघायची: बॅटरी, चाकं, पट्टा, पाठ. हात पुरत नसतील तर दुसऱ्याला दाखवायला सांगायचं, पण बघायचं आपण. यातलं किती मुलीला आणि किती मला उद्देशून होतं, हे मी तेव्हा तितकं मनावर घेतलं नाही.

त्या तीन आठवड्यांत त्यांनी तिच्याबरोबर छापखान्याचा रस्ताही पालथा घातला. दोघं आपापल्या खुर्चीत, पुढेमागे. दोन चौक, एक उखडलेली फरशी, एक दुकान जे आपल्या पाट्या फुटपाथवर मांडतं, आणि शेवटी छापखान्याच्या दाराशी सिमेंटचा उतार. तो माणसांसाठी केलेलाच नाही. कागदाचे गठ्ठे हातगाडीने वर चढवायला केलाय, त्यामुळे तीव्र आहे. इंचकरांनी खिशातून फूटपट्टी काढून तो मोजला, जरा तोंड वाकडं केलं, मग तिला दोनदा चढायला लावलं. खुर्ची हलकी, घडीची. मुलगी अडतीस किलोची. दोन्ही वेळा ती आरामात चढली.

पत्र देण्याआधी त्यांची एक रीत आहे. शेवटच्या दिवशी ते मुक्कामाच्या जागी आधी जाऊन थांबतात. ड्रायव्हर घरून एकटा निघतो. बरोबर कोणी नाही, मागे कोणी नाही. तो दिवस शनिवार होता. सोमवारी पहिली तारीख.

इंचकरांनी मला घरी थांबायला सांगितलं होतं आणि मी कबूल केलं होतं. सकाळी मी तिची पिशवी भरली. खुर्चीच्या पाठीला दोन बंदांनी अडकवायची पिशवी, नवीच शिवलेली. डबा, पाणी. मग वाटलं पाणी एक बाटली पुरायचं नाही, दुसरी घातली. चार्जर, कारण बॅटरीचं काय सांगावं. शाल, छत्री, औषधांचा डबा, टॉर्च. तिने स्वतः सांगितलं की मोठा शब्दकोश हवाच, तोही घातला. शेवटी काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं, म्हणून बाल्कनीतली दोरी गुंडाळून तळाशी ठेवली. ती निघाली, आणि अगदी मोजून तीन मिनिटांनी मी तिच्या मागे निघाले.

दोन्ही चौक तिने माझ्यापेक्षा बरे ओलांडले. पाट्यांच्या दुकानाशी ती थांबली, दुकानदाराला काहीतरी म्हणाली, त्याने पाटी उचलली, ती गेली. मी रस्त्याच्या पलीकडून, उभ्या गाड्यांच्या आडून हे पाहत होते आणि मनात म्हणत होते, बघ, उगाच घाबरतेस.

मग तो उतार आला. इंचकर वर दारात आपल्या खुर्चीत बसले होते. ती सरळ उताराला लागली, अंग पुढे घेतलं, चढू लागली. निम्म्यावर गेली आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली गेली. आधी बोटभर, मग वीतभर. खुर्ची मागे कलली आणि मागच्या दोन टेकूच्या चाकांवर अडकून राहिली. माझ्या मुलीचा चेहरा मला दिसत नव्हता. दिसत होते ते तिचे पाय, आभाळाकडे वळलेले.

मी फुटपाथवरून खाली उतरले. ओरडण्यासाठी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात इंचकरांनी वरून हात वर केला. पंजा तिच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता. मी मागे येणार हे त्यांना बहुधा आधीपासूनच माहीत होतं. मी तोंड मिटलं.

तिने दांडीवरचा हात सोडला. खुर्ची तशीच थांबली. तिने हनुवटी छातीला लावली, जेवढं वाकता येतं तेवढी पुढे वाकली, आणि पुढची चाकं हळूहळू जमिनीला टेकली. मग तिने बटण दाबून खुर्ची बंद केली. दारात छापखान्याचा एक कामगार थिजून उभा होता. त्याला ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा, जरा खाली येता? आधी खुर्ची मागून घट्ट धरा. धरलीत? आता एका हाताने मागची पिशवी काढा."

त्याने काढली. तिने खुर्ची चालू केली आणि सरळ वर गेली.

छापखान्यात गठ्ठे तोलायचा काटा असतो. इंचकरांनी पिशवी त्यावर ठेवायला लावली. साडेअकरा किलो. अडतीस किलोच्या ड्रायव्हरच्या पाठीवर साडेअकरा, आणि तेही टांगलेले. त्यांनी विचारलं, कोणी भरली? माझ्या मुलीने एक क्षणही न घालवता सांगितलं, मी भरली. ते एकेक वस्तू बाहेर काढत गेले. शब्दकोश निघाला तेव्हा म्हणाले, हा तुझा. दोरी निघाली तेव्हा त्यांनी ती नुसती तिच्यासमोर धरली. पिशवीत दोरी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

एव्हाना मी रस्ता ओलांडून वर आले होते. "कधी ओढून आणावी लागली तर," मी म्हटलं. कामगार दुसरीकडे बघू लागला.

इंचकर तिच्याकडे वळले. तिला म्हणाले, तू हात सोडलास, पुढे वाकलीस, खुर्ची बंद केलीस, आणि घाबरलेल्या माणसाला नीट सांगून त्याच्याकडून काम करून घेतलंस. असं आजवर मी फार थोड्यांना जमताना पाहिलंय. पण निघताना तू खुर्चीची पाठ बघितली नाहीस.

"आईने भरली होती," ती हळूच म्हणाली.

"खुर्ची कोणाची?"



पत्र त्या दिवशी मिळालं नाही. उद्या हाच रस्ता, हीच वेळ, एवढं सांगून ते निघून गेले.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मी एकटी इंचकरांकडे गेले. म्हटलं, चूक माझी आहे, शिक्षा तिला कशाला? तिच्या हातून एकही चूक झाली नाही. सोमवारी पत्र नसलं तर मालक दुसरं कोणी बघतील. माझा आवाज चढला असावा, कारण काकू हातातलं काम टाकून दारात आल्या.

इंचकर कोणाच्या तरी खुर्चीचं चाक मांडीवर घेऊन त्यात अडकलेले केस चिमट्याने काढत होते.  मग त्यांनी, चाकावरची नजर न काढता, गाडी का उलटली ते सांगितलं.

दिवसाचा शेवटचा माल होता. दोन फेऱ्यांचा. दोन हमाल थांबले होते, त्यातल्या एकाचं मूल घरी तापाने फणफणलेलं. इंचकरांनी विचार केला, एका फेरीत नेऊ, पोरं लवकर घरी जातील. दुप्पट वजन दातांवर घेतलं. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीवरून ते नव्या लोकांना ओरडत आले होते, तीच. फाटकाच्या उतारावर गाडीची मागची चाकं उचलली गेली. पट्टा लावून जागेवर बसून राहिले असते तर फार तर खांदा दुखावला असता. ते घाबरले आणि उडी मारली, आणि गाडीचं छत त्यांच्यावर आलं. चौकशी झाली, उताराला दोष दिला गेला, आणि हे गप्प बसले.

"ते दोघं अजून येतात भेटायला," ते म्हणाले. "जास्त वजन त्यांना लवकर सोडायला घेतलं होतं हे त्यांना आजतागायत माहीत नाही. सांगितलं तर आयुष्यभर वाहत बसतील. चांगल्या मनाने ठेवलेलं वजनसुद्धा वजनच असतं, ताई. काट्याला मन कळत नाही."

काकूंच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्यांना हे ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते तिसऱ्या कोणाला सांगताना पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

मी विचारलं, उद्या पत्र द्याल ना? ते म्हणाले, उद्या कळेल. तसूभरही मागे सरले नाहीत. मला त्यांचा राग आला, आणि चहा पिऊन घरी चालत येताना तो राग कुठेतरी गळून गेला.

रविवारी सकाळी मी पिशवीला हात लावला नाही. हे एवढं सोपं वाक्य आहे, पण मी स्वयंपाकघरात पाठीमागे हात बांधून उभी होते. तिने मला हाक मारली. म्हणाली, मी सांगते ते घाल. बाटली एक, अर्धी भरलेली. डबा लहान. औषधाची एक गोळी, डबा नको. फोन. शब्दकोशाजवळ ती जरा अडली.

"छापखान्यात असेलच की एखादा," मी म्हटलं.

"जुना असेल," ती म्हणाली, आणि सोडला.

"शाल?"

"नको."

"सकाळी गारवा—"

"आई."

पिशवी पाठीला न लावता बैठकीखालच्या जाळीत ठेवायला सांगितली. मग म्हणाली, हातआरसा आण आणि खुर्चीमागे धर. मी धरला. तिने मान वळवून त्यात आपली पाठ बघितली, मागच्या मुठी, टेकूची चाकं, खालची खिटी. आरसा थोडा डावीकडे, म्हणाली. आणखी थोडा खाली. मी वाकले. मी तिला न्हाऊ घातलंय, कपडे घातलेत, तेवीस वर्षं उचललंय, पण असं कामगारासारखं तिने मला कधी वापरलं नव्हतं, आणि मला ते विचित्र रीतीने बरं वाटलं.

ती गेली. मी घरीच थांबले. तिचा एक सदरा मी तीन वेळा इस्त्री केला.

तासाभराने ती परत आली तेव्हा तिच्या मांडीवर रेघांचा कागद होता. इंचकरांचं अक्षर मोठं, शाळकरी मुलासारखं. लिहिलं होतं: ही ड्रायव्हर खुर्ची उत्तम चालवते. थांबावं कुठे ते तिला कळतं. निघण्याआधी आपली खुर्ची आपण तपासते. रस्त्यात तिने मागितल्याशिवाय कोणी तिच्या खुर्चीला हात लावू नये. खाली सही, आणि सहीखाली इंचकर असंच नाव. दोन ठिकाणी खाडाखोड होती. तिने मला सांगितलं की पत्रात दोन चुका होत्या, आणि मालकांना मुद्रितं तपासणारी हवी असताना असलं पत्र आपण नेणार नाही असं तिने इंचकरांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, मी खुर्ची शिकवतो, शुद्धलेखन नाही, पण दुरुस्त्या मुकाट्याने केल्या. काकू म्हणाल्या म्हणे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी यांचा पेपर तपासला.

इंचकरांसारखी माणसं मी फार पाहिली नाहीत. कित्येकांना त्यांनी रस्त्यावर आणलं, तेही हात न लावता. त्या शनिवारी माझी मुलगी उतारावर कलली होती तेव्हा ते तिच्यापासून पाच हातांवर होते. खुर्चीतून उठून तिला धरता येणार नव्हतं, हे खरं. पण मला पक्कं वाटतं की येत असतं तरी त्यांनी धरलं नसतं, आणि त्यांच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल हे आता मला थोडं कळतं.

सोमवारी ती नऊ वाजून वीस मिनिटांनी निघाली. पोचल्याचा फोन कर, असं मी म्हटलं नाही. तिनेही केला नाही. दुपारी पाऊण वाजता फोन आला तो टेबलाबद्दल. टेबल दोन बोटं बुटकं आहे, गुडघे अडतात, सुताराला सांगितलंय. पहिल्याच पानावर एकतीस चुका सापडल्या आणि कोणाला त्याची लाज वाटली नाही, म्हणाली. संध्याकाळी काम उरलंय, अर्धा तास उशीर होईल.

"खिडकीत उभी राहू नकोस," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. संध्याकाळी उभी राहिलेच, फक्त दिवा लावला नाही.